एअरलेसने इमल्शन मारताना फॅनच्या कडांना शेपट्या येतात: दाब कुठे अडतो ते शोधण्याचा क्रम

एअरलेस म्हणजे हवा न मिसळता नुसत्या पंपाच्या दाबाने पेंट फवारणारं मशीन. त्याचा पंख्यासारखा पसरणारा फवारा, म्हणजे फॅन, भिंतीवर एकसारखा बसायला हवा; तो मधे विरळ पडतो आणि दोन्ही टोकांना जाड रेघ ओढत जातो. साइटवर याला कुणी शेपटी म्हणतं, कुणी टेल. प्रायमर, आतलं इमल्शन, बाहेरचं ॲक्रिलिक अशा पाण्याच्या पेंटवर ही तक्रार सारखी येते, आणि गेली म्हणता म्हणता परत येते. परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दोष शोधला जात नाही, झाकला जातो. आधी दाबाचा नॉब पूर्ण फिरवायचा, तरी जमलं नाही तर बादलीत आणखी पाणी ओतायचं. शेपट्या जातात खऱ्या, पण पातळ झालेला पेंट झाकत नाही, दोन हातांच्या कामाला तिसरा हात लागतो, आणि ज्या जाळीत कचरा अडकला होता ती जाळी तशीच राहते.

शेपटी म्हणजे टिपेच्या, म्हणजे गनच्या तोंडाशी बसणाऱ्या नोझलच्या, भोकापाशी पोचणारा दाब कमी पडतो आहे, एवढंच. टिपेतून पेंट आधी पातळ पडद्यासारखा बाहेर येतो आणि मग त्याचे थेंब होतात. त्या पडद्याच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा जाड असतात. दाब पुरेसा असेल तर कडाही फुटून थेंब होतात. कमी असेल तर मधला भाग फुटतो आणि कडा धारेसारख्या तशाच पुढे जातात. म्हणून प्रश्न हाच, की बादलीपासून टिपेपर्यंतच्या वाटेत दाब नेमका कुठे अडतो किंवा गळतो. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि पंप उघडण्यापर्यंत जातो. क्रम मोडू नका. पंपाचं पॅकिंग (दांड्याभोवतीची सीलं) बदलून झाल्यावर गनच्या फिल्टरमध्ये पुट्टीचा गोळा सापडणं ही फार महागडी चूक आहे.

लक्षणं

एक मोठा पुठ्ठा भिंतीला टेकवा. एक फूट अंतरावरून, फॅन उभा ठेवून गन झटकन आडवी फिरवा आणि पुठ्ठ्यावर काय उमटलं ते पाहा.

दोन्ही टोकांना सारख्याच शेपट्या आणि मधे विरळ: टिपेपाशी दाब कमी. हाच आपला मुख्य रोगी.

एकाच टोकाला शेपटी, किंवा फॅन तिरका, किंवा मधून दुभंगलेला: टिप अर्धवट चोंदली आहे किंवा तिच्या कडेला टवका उडाला आहे.

फॅन अरुंद आणि लंबगोल झालाय, मधे पेंट जास्त पडतोय, बादली नेहमीपेक्षा लवकर संपतेय: टिप झिजली.

ट्रिगर दाबल्यावर पहिले तीन-चार सेकंद फॅन उत्तम, मग शेपट्या: थांबलेल्या वेळात दाब साठतो, पण चालू कामात पुरवठा टिकत नाही. कुठली तरी जाळी चोंदली आहे, पंप थकला आहे, किंवा टिप पंपाच्या ताकदीपेक्षा मोठी आहे.

फॅन लयीत लहान-मोठा होतो: सक्शनमधून, म्हणजे बादलीतून पेंट ओढणाऱ्या नळीतून, हवा शिरते आहे किंवा पंपातल्या व्हॉल्व्हचा एखादा बॉल नीट बसत नाही.

पुठ्ठ्यावर फॅन स्वच्छ, भिंतीवर मात्र पट्टे: मशीनचा दोष नाही, हाताचा आहे. गन भिंतीला काटकोनात, साधारण ३० सेंटीमीटरवर ठेवून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवली की पट्टे जातात. हे असेल तर पुढचं वाचण्याची गरज नाही.

गनला हात लावण्याआधी

हे यंत्र साधारण २०० बारपर्यंत, म्हणजे सुमारे ३००० पीएसआयपर्यंत दाब तयार करतं. या दाबाची धार कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत पेंट बोटाच्या शिरांच्या कडेने तळव्यापर्यंत पसरलेला असतो. पाण्याचा पेंट आहे म्हणून ही जखम सौम्य ठरत नाही. पट्टी बांधून काम चालू ठेवलं तर बोट जाऊ शकतं. असं झालं तर काम तिथेच थांबवा, लगेच मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा १०८ ला फोन करा. डॉक्टरांना “उच्च दाबाने पेंट आत गेला आहे” हे याच शब्दांत सांगा आणि पेंटचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या. शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती किती लवकर होते यावर बरंच अवलंबून असतं.

म्हणून टिप काढण्याआधी, फिल्टर उघडण्याआधी, होज (मशीनपासून गनपर्यंतची नळी) सोडण्याआधी, दर वेळी: ट्रिगर लॉक करा, मशीन बंद करून प्लग काढा, दाबाचा नॉब शून्यावर आणा, लॉक काढून गन बादलीत धरून ट्रिगर दाबा, प्राइम व्हॉल्व्ह (पेंट परतीच्या नळीतून बादलीत सोडणारा) उघडा, ट्रिगर पुन्हा लॉक करा. टिप पूर्ण चोंदलेली असेल तर ट्रिगर दाबूनही दाब उतरत नाही. टिपेभोवतीच्या गार्डचं नट किंवा होजचा जोड अगदी हळू, थोडा थोडा सैल करा, चेहरा बाजूला ठेवा, दाब सुसकारत जाऊ द्या, मगच पूर्ण काढा. टिपेसमोर बोट कधीच आणू नका, गळती हाताने दाबून पाहू नका.

१. नॉब आणि टिप

दाब साधारण १०० बारवर आणा, पुठ्ठ्यावर मारा, शेपट्या दिसतील. नॉब थोडा थोडा वाढवत प्रत्येक वेळी एक फेरी मारा. शेपट्या जिथे गायब होतात तो तुमचा दाब; त्याच्या पुढे जाऊ नका. चांगल्या अवस्थेतल्या मशीनवर इमल्शन बहुधा १२५ ते १७० बारच्या दरम्यान कुठेतरी जमतं. जास्त दाबाने काम लवकर होत नाही. धुकं वाढतं, पेंट हवेत जातो, टिप आणि पॅकिंग लवकर झिजतात. आणि नॉब शेवटापर्यंत गेला तरी शेपट्या असतील तर नॉबचं काम संपलं. आता तपासणी.

टिप उलटी फिरवा, बादलीत किंवा टाकाऊ पुठ्ठ्यावर एक झटका मारा, सरळ करा, पुन्हा पाहा. एका बाजूची शेपटी बहुतेक वेळा इथेच सुटते. दोनदा उलटवूनही सुटत नसेल तर दाब उतरवा, टिप काढून पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने घासा. सुई, खिळा, तार भोकात घालू नका. भोक टंगस्टन कार्बाइडचं असतं; कठीण, पण कडेला चटकन टवका उडणारं. टवका उडाला की शेपटी कायमची.

मग टिपेवरचा आकडा वाचा. ५१७ मध्ये पहिला ५ म्हणजे एक फुटावरून फॅनची रुंदी त्याच्या दुप्पट, १० इंच. पुढचे १७ म्हणजे भोक इंचाच्या हजाराव्या भागात, ०.०१७ इंच, म्हणजे ०.४३ मिलिमीटर. आतल्या इमल्शनला ५१५ ते ५१७, बाहेरच्या जाड पेंटला ५१७ ते ५२१ सहसा चालतं. १३८ बारच्या दाबाने पाणी सोडलं तर मिनिटाला ०.०१५ च्या टिपेतून सुमारे ०.९ लिटर, ०.०१७ मधून १.२, ०.०१९ मधून १.४ आणि ०.०२१ मधून १.८ लिटर जातं. मशीनच्या पाटीवर जास्तीत जास्त टिप लिहिलेली असते. ज्या मशीनची मर्यादा ०.०१७ आहे तिला ५२१ लावली तर मशीन कितीही नवी असो, शेपट्या येणारच. टिप मर्यादेच्या एक-दोन नंबर खालची लावा. झिजायला जागा उरते.

झिजेचा हिशोब लोक करत नाहीत, आणि तिथेच पैसा वाहतो. ०.०१७ चं भोक झिजून ०.०२१ झालं की त्याचं क्षेत्रफळ दीडपट होतं. पंपाला दीडपट पेंट पुरवायचा असतो, तो पुरवू शकत नाही, दाब पडतो, शेपट्या येतात. पेंटर म्हणतो मशीन कमजोर झाली. १० इंचांचा फॅन एक फुटावरून साडेसात इंचांवर आला की टिप टाकून द्या, चमकत असली तरी. पुट्टीची भुकटी मिसळलेला किंवा जाड भरणाचा पेंट मारणाऱ्याची टिप लवकर जाते. स्वस्तातल्या टिपांवरचा छापील आकडा आणि प्रत्यक्ष भोक यांचा मेळ बसेलच असं नाही, म्हणून नवी टिप पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यावर मारून फॅनची रुंदी मोजा आणि लिहून ठेवा. पुढे झीज त्या आकड्याशीच ताडायची आहे.

जवळ लहान टिप असेल, समजा ५१३, तर ती लावून बघा. तिच्यावर फॅन स्वच्छ आला तर पंप दाब देतो आहे, पण मोठ्या टिपेला लागेल तेवढा पेंट पोचत नाही. लहान टिपेवरही शेपट्या असतील तर दोष गनमध्ये, पेंटमध्ये किंवा मागे पंपात आहे.

२. गनचा फिल्टर, आणि त्यात काय अडकलंय

गनच्या मुठीत एक बारीक फिल्टर असतो. शेपट्यांच्या तक्रारीत सर्वांत जास्त वेळा दोषी निघतो तो हाच. दाब उतरवून मूठ उघडा. ०.०१५ ते ०.०१७ च्या टिपेला ६० मेशचा (इंचाला ६० तारांच्या जाळीचा) फिल्टर योग्य; ०.०१३ आणि त्याखालच्या बारीक टिपेला १०० मेशचा. ६० मेशच्या जाळीची फट साधारण पाव मिलिमीटर असते, म्हणजे ०.४३ च्या भोकातून जाणार नाही ते आधीच अडतं. जाड बाहेरच्या पेंटला १०० मेश लावलेली असेल तर जाळी स्वच्छ असूनही दाब खाते. टिप चोंदू नये म्हणून बारीक जाळी लावावी असं वाटतं, पण जाड पेंटला त्याचा त्रासच जास्त.

फिल्टर धुण्याआधी पांढऱ्या कागदावर झटकून त्यातला कचरा बघा. शेपट्या आठवड्याला परत का येतात याचं उत्तर या कचऱ्यात असतं, आणि लोक ते नळाखाली धुऊन टाकतात.

बोटांत चुरडल्यावर खरखरणारी पांढरी रवाळ भुकटी म्हणजे पुट्टी. एका खोलीत पुट्टीवर पॉलिशपेपर चालतोय आणि बाजूला पेंटची बादली उघडी, किंवा कालची पुट्टीची बादली धुऊन आज पेंटला घेतलेली. बादली झाका, पेंटची बादली वेगळी ठेवा. घासून झालेल्या भिंतीही मारण्याआधी झाडून घ्या. ती भुकटी जाळीत येत नाही, पण पेंट भिंतीला धरू देत नाही.

रबरासारखे ताणले जाणारे तुकडे म्हणजे वाळलेली साय. डबा उघडा राहिला, बादलीच्या कडेला वाळलेला थर ढवळताना आत पडला. साय ढवळून मोडू नका, उचलून काढा. बादलीत ओतताना पेंट नायलॉनच्या जाळीतून किंवा धागे न सुटणाऱ्या बारीक कापडातून गाळा. गाळण्याला दहा मिनिटं जातात, पण दिवसभरात टिप उलटवण्यात जाणारा वेळ त्याहून जास्त असतो.

दही फाटल्यासारखे मऊ गोळे दिसले तर मशीनमध्ये तेल आणि पाणी भेटलं आहे. भाड्याच्या मशीनवर हे वारंवार होतं. आधीच्या माणसाने ऑइल पेंट मारला, टर्पेंटाइनने धुतलं, आणि तुम्ही थेट इमल्शन ओढलं. आत राहिलेल्या टर्पेंटाइनने इमल्शन फाटतं आणि गोळे फिल्टरमध्ये, बॉलखाली, होजच्या आतल्या भिंतीवर बसतात. फिल्टर धुऊन हे जात नाही, होजमधून नवे गोळे सुटत राहतात. सगळं इमल्शन बाहेर काढा, आधी पाणी, मग साबणाचं कोमट पाणी फिरवा, शेवटी साधं पाणी स्वच्छ येईपर्यंत चालवा. ऑइल पेंटवरून इमल्शनवर येताना क्रम असा: टर्पेंटाइन, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग पेंट. साठवणीचं तेल भरून आलेल्या नव्या मशीनलाही हीच वाट. टर्पेंटाइन फिरवताना टिप काढलेली असावी, दाब अगदी कमी, बादली धातूची आणि गन तिच्या कडेला टेकवलेली, खोलीत वारा खेळता. स्थिर विजेची ठिणगी पुरते. ब्लीच किंवा क्लोरीनचं पाणी सफाईला वापरू नका, पंपातल्या ॲल्युमिनियमला ते चालत नाही.

तपकिरी-काळे कपचे म्हणजे गंज किंवा होजच्या आतला वाळलेला जुना पेंट. मशीन पाणी भरून ठेवली गेली होती. कपचे सतत येत असतील तर होज बदलण्याची वेळ आली.

३. पेंट

आता पाण्याचा प्रश्न. डब्यावर ब्रश-रोलरसाठी लिहिलेलं पाण्याचं प्रमाण एअरलेसला लावू नका. माहितीपत्रकात एअरलेसचं वेगळं प्रमाण दिलेलं असेल तर ते पाळा. नसेल तर पेंट आधी पाण्याशिवाय नीट ढवळा. इमल्शन ठेवल्या ठेवल्या घट्ट होतं आणि ढवळल्यावर सैल पडतं, त्यामुळे न ढवळता पाहिलेला घट्टपणा फसवा असतो. ड्रिलला मिक्सर लावला असेल तर गती कमी ठेवा. जोरात फिरवलं तर हवा शिरते, फेस येतो, आणि तो फेस पंपात गेला की फॅन थरथरतो. फेस आलाच तर पेंट बसू द्या.

मग पाच-पाच टक्क्यांनी पाणी घाला. २० लिटरच्या बादलीला एका वेळी एक लिटर, पुन्हा ढवळा, पुन्हा पुठ्ठा. चांगल्या मशीनवर, योग्य टिपेसह, पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत फॅन जमायला हवा. त्याहून पुढे जावं लागतंय असं दिसलं तर पाणी थांबवा आणि पुढच्या तपासणीला लागा. दोष पेंटमध्ये नाही. बी-४ फोर्ड कप (तळाच्या भोकातून पेंट किती सेकंदांत वाहून जातो यावरून घट्टपणा मोजायचा कप) जवळ असेल तर ज्या मिश्रणाला फॅन नीट आला त्याचे सेकंद लिहून ठेवा. पुढच्या बादलीला अंदाज करत बसावं लागत नाही. पाणी स्वच्छ घ्या. बोअरच्या पाण्यात वाळू असेल तर ती पॅकिंग कापते.

थंडीत, नाशिककडे किंवा महाबळेश्वरला डिसेंबरच्या सकाळी, रात्रभर बाहेर राहिलेला डबा इतका घट्ट असतो की शेपट्या येणारच. डबे रात्री आत ठेवा, ऊन वर येऊ द्या, मगच पाण्याचा विचार करा. सकाळी पाणी घालून जमवलेला पेंट दुपारी भिंतीवरून ओघळतो. उलट विदर्भातल्या मे महिन्यात पेंट टिपेवरच वाळतो: दोन मिनिटं थांबलं तरी गार्डवर पपडी धरते आणि तिचा तुकडा फॅनमध्ये येतो. थांबताना ट्रिगर लॉक करून गनचं तोंड पाण्याच्या बादलीत बुडवा, पेंटच्या बादलीवर ओलं कापड टाका.

४. सक्शन आणि मुख्य फिल्टर

प्राइमवर ठेवून परतीच्या नळीतून येणारी धार पाहा. सलग आली पाहिजे. बुडबुडे येत असतील तर हवा शिरते आहे: बादलीतली पातळी पाहा, सक्शन नळीचा जोड घट्ट करा, त्यातली ओ-रिंग चिरली आहे का ते पाहा. ओ-रिंग ही सर्वांत स्वस्त वस्तू, आणि ती नसल्यामुळे लोक पंप उघडतात. नळीच्या टोकाची जाळी काढून धुवा. ती बादलीच्या तळाला चिकटून बसली असेल तर तळाचा गाळ आत ओढते. नळी थोडी वर बांधा.

मशीनवरचा मुख्य फिल्टर दाब उतरवून उघडा. इमल्शनला बहुधा ६० मेश. जाळीची नळी एका बाजूने चेपलेली असेल तर ती बराच काळ चोंदलेल्या अवस्थेत चालली आहे. धुऊन चालणार नाही, बदला. गनमधला कचरा आणि इथला कचरा वेगळा असेल तर विचार करा: इथे काही नाही आणि गनमध्ये कपचे, म्हणजे कपचे होजमधून येताहेत.

५. होज आणि वीज

मशीनवर प्रेशर गेज असेल तर ट्रिगर न दाबता आणि दाबून, दोन्ही वेळचे आकडे घ्या. मारताना काटा थोडा उतरतो, ते ठीक. २०० वरून १०० वर आला तर गेजच्या मागे, म्हणजे पंप, सक्शन किंवा विजेत दोष आहे. काटा जवळजवळ तसाच राहतो आणि तरी शेपट्या येतात, तर दोष गेजच्या पुढे: होज, गनचा फिल्टर, टिप. मुख्य फिल्टर गेजच्या आधी येतो की नंतर, ते आपल्या मशीनवर एकदा पाहून ठेवा. पंप उघडायचा की नाही हे या दोन आकड्यांवरून बरंचसं ठरतं.

पाव इंची होज ५० फुटांची असते तेव्हा ती पंपाचे झटकेही शोषते. त्याहून आखूड होजवर फॅन धडधडतो. १०० फुटांपलीकडे जायचं असेल तर मागची लांबी ३/८ इंची घ्या आणि शेवटचा तुकडा बारीक ठेवा. बाहेरच्या कामात मशीन खाली आणि माणूस दहाव्या मजल्यावर झुल्यात असतो, तेव्हा दोष उंचीला दिला जातो. ३० मीटर उंचीला पेंटचं वजन जेमतेम ४ बार खातं. खरा दाब खाते ती लांब, बारीक, आतून पेंट धरलेली होज. होजला फुगवटा, आतली तार दिसणारी चीर किंवा मुडपलेली घडी असेल तर त्या क्षणी ती बाद. टेप गुंडाळून चालवू नका.

वीज लोक शेवटी पाहतात, ती पंप उघडण्याआधी पाहावी. अर्धवट इमारतीत तात्पुरत्या कनेक्शनवरून ५० मीटर वायर ओढलेली असते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ८ अँपिअरला १४ व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात, २.५ चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ६. मूळ व्होल्टेजच २०० असेल आणि त्याच बोर्डावर कटर किंवा वेल्डिंग चालू असेल तर मोटर ऐन कामात मंदावते. ओळखायची खूण अशी की शेपट्या सलग येत नाहीत, वेळ धरून येतात. वायर गुंडाळी सोडवून पूर्ण पसरा, जाड वापरा, आणि शक्य तेव्हा मशीन बोर्डाजवळ ठेवून होज लांबवा. प्लगमधलं अर्थिंग तोडलेलं असेल तर मशीन चालू करू नका. बोर्डात मोजमाप करायचं ते इलेक्ट्रिशियनने.

६. पंप

इथपर्यंत काही सापडलं नाही तर आता पंप, आणि तोही आधी न उघडता. गन बंद असताना पंप एक-दोन फेऱ्यांत थांबला पाहिजे. थांबत नसेल तर आधी परतीच्या नळीतून पेंट ठिबकतो का पाहा. ठिबकत असेल तर प्राइम व्हॉल्व्ह गळतो. दाब तिथूनच बादलीत परत जातो. तो बदलणं बहुतेक मशीनवर सोपं असतं.

परतीची नळी कोरडी आणि तरी पंप हळूहळू सरकतोय, तर पंपाचा वरखाली होणारा दांडा कोणत्या दिशेने सरकतो ते पाहा. खाली जाताना थांबत नाही म्हणजे खालचा इनलेट बॉल नीट बसत नाही. वर जाताना थांबत नाही म्हणजे वरचा बॉल किंवा पिस्टनचं पॅकिंग गळतं. मेकॅनिक आल्यावर ही एक ओळ सांगितलीत तर त्याचा बराच वेळ वाचेल.

इनलेट बॉल म्हणजे विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्हच. कचरा अडकला की पाणी मागे उतरतं. काही दिवस न धुता ठेवलेल्या मशीनचा बॉल सीटला, म्हणजे तो बसतो त्या जागेला, चिकटतो आणि मशीन पेंट ओढतच नाही. दाब उतरवून, प्लग काढून, सक्शन नळी सोडा आणि खालून पेन्सिलीने बॉल हलकेच वर ढकला. टक् करून सुटतो. सुटला पण गळती राहिली, तर इनलेटचं नट काढून बॉल आणि सीट धुवा. बॉलवर चरे किंवा सीटवर खड्डे दिसले तर दोन्ही एकत्र बदला. नव्या बॉलला जुनी सीट फार काळ धरत नाही.

दांड्याभोवतीच्या कपात रोज सुरू करण्याआधी थ्रोट सील ऑइलचे काही थेंब घाला. त्या कपात पेंट वर येऊ लागला की वरचं पॅकिंग संपलं.

इथे थांबा

पॅकिंगचं किट मिळतं, पण ते पहिल्यांदा एकट्याने बसवू नका. पॅकिंगच्या कड्या उलट्या लागल्या, किंवा नट मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळला नाही, तर नवं किट पहिल्याच दिवशी जातं. दांड्यावर नखाला लागणारी ओरखड असेल तर किट घालूनही गळणारच. दांडा किंवा सिलिंडर बदलायचा की नाही हे मेकॅनिकने पाहून ठरवायचं. मोटरला जळका वास येतो, मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ब्रेकर पडतो, नॉब फिरवूनही दाब तसाच राहतो किंवा नॉब शून्यावर असताना वाढतो, यांतलं काहीही दिसलं तर प्लग काढा आणि सर्व्हिसला द्या. प्रेशर सेन्सर किंवा कंट्रोल बोर्ड बाजूला करून मशीन थेट चालवून देणारे भेटतात. तसं करू देऊ नका, त्या मशीनवर दाबाला आवर उरत नाही. गनचा ट्रिगर सोडल्यावरही धार चालू राहत असेल तर ती गनही सर्व्हिसलाच.

मशीन देताना चिठ्ठीवर टिपेचा नंबर, पेंटचं नाव, घातलेलं पाणी, होजची लांबी, गेजचे ट्रिगर दाबण्याआधीचे आणि दाबतानाचे आकडे, आणि दांडा कोणत्या दिशेने सरकतो ते लिहा. फिल्टरमधून निघालेला कचरा छोट्या पिशवीत घालून सोबत द्या.